लेझरने घर मोजताना

गाझियाबादच्या इंदिरापुरम-वैशालीत फ्लॅटचा ताबा घेताना टेपऐवजी लेझर मीटर वापरणार असाल, तर एवढे पाहा:

● वर्ग : लेबलवर ‘क्लास २’ हवे, म्हणजे क्षमता १ मिलीवॅटपर्यंत. पाव सेकंदात पापणी मिटते, तेवढे संरक्षण पुरते. किरणाकडे टक लावू नका. दुर्बिणीतून तर मुळीच पाहू नका.

● परावर्तन : आरसा, काच, चकचकीत टाइलवर नेम नको. डोळ्यांना त्रास, शिवाय मापही चुकते.

● लाल चष्मा : ठिपका ठळक दिसण्यापुरता, डोळे वाचवत नाही.

● गच्ची : हिंडन विमानतळ जवळच आहे. विमानाकडे किरण रोखू नका.

● हिशेब : रेरा कायद्यानुसार (२०१६) कार्पेट एरियात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी नाही. त्यामुळे नुसत्या खोल्यांची बेरीज थोडी कमीच भरेल.