वूचचा बालबंदिवास

पोलंडमधील वूच हे शहर गिरण्यांचे आणि कापडाच्या व्यापाराचे. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी ते काबीज केले, आसपासच्या मुलखासह आपल्या राज्यात सामील करून घेतले आणि पुढच्याच वर्षी एका जर्मन सेनापतीच्या स्मरणार्थ त्याचे नाव बदलून ‘लिट्झमानश्टाट’ असे ठेवले. या शहराच्या उत्तर भागात, १९४० च्या एप्रिलअखेर बंदिस्त केलेल्या वस्तीत दीड लाखांहून अधिक ज्यू कोंडले गेले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्याच वस्तीचा एक तुकडा तोडून, फळ्यांच्या उंच कुंपणाआड, पोलिश ख्रिस्ती मुलांसाठी एक निराळी छावणी उभारण्यात आली होती, ही हकीकत मात्र महायुद्धाच्या जाडजूड इतिहासग्रंथांतही क्वचितच भेटते.

ज्यांचे आईबाप तुरुंगात डांबले गेले होते, यातनाछावण्यांत धाडले गेले होते किंवा गोळ्या घालून ठार केले गेले होते, जी मुले पोटासाठी रस्त्यावर किडुकमिडुक विकत होती, तिकिटावाचून गाडीत चढली होती अथवा भाकरीचा तुकडा उचलताना सापडली होती, अशा सर्वांना नव्या राज्यकर्त्यांनी एकाच सदराखाली घातले : उनाड आणि जर्मन मुलांना बिघडवणारी. आधी मुलांना पोरके करायचे आणि मग त्या पोरकेपणाबद्दलच त्यांना कैद करायचे, असा हा न्याय होता. एसएस आणि पोलीस या दोहोंचा प्रमुख हाइनरिख हिमलर याने १९४२ च्या नोव्हेंबरअखेर यासंबंधीचे फर्मान काढले. १ डिसेंबरला छावणीचा कारभार रीतसर सुरू झाला आणि दहा-अकरा दिवसांत पहिली मुले दाखल झाली. ज्या ज्यू वस्तीने ही छावणी वेढलेली होती, तिच्यातून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दहा वर्षांखालील मुले, वृद्ध आणि आजारी असे १५,००० हून अधिक जीव हेल्मनो येथे नेऊन विषारी वायूने मारण्यात आले होते. लहान मुलांवाचून रित्या झालेल्या त्या वस्तीच्या कुशीतच आता दुसरी मुले आणून कोंडली गेली, ही गोष्ट मला त्या साऱ्या इतिहासात सर्वांत असह्य वाटते.

प्शेमिस्वोवा नावाच्या रस्त्यावर छावणीचे मुख्य प्रवेशद्वार होते. फर्मानाप्रमाणे वयाची मर्यादा आठ ते सोळा वर्षांची; प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांची बालकेही तेथे आली. पोझनानजवळच्या मोसिना गावात भूमिगत चळवळीच्या संशयावरून मोठी माणसे पकडली गेली, तेव्हा १९४३ च्या सप्टेंबरात त्यांची लेकरे उचलून येथे पाठवण्यात आली. आत पाऊल टाकताच नाव जाऊन क्रमांक मिळे, केस कापले जात, अंगावर राखी रंगाचे जाडेभरडे कपडे आणि पायात लाकडी तळाचे जोडे येत. निळे डोळे आणि सोनेरी केस असलेली काही मुले निवडून जर्मन करण्यासाठी अन्यत्र धाडली जात. उरलेल्यांनी काम करायचे : टोपल्या विणायच्या, गवताची पायताणे वळायची, लष्कराच्या पाठपिशव्या दुरुस्त करायच्या. एका कारखान्यात लहान मुलांपुढे वाकलेल्या सुयांचा ढीग ओतला जाई आणि त्या एकेक करून सरळ करून द्याव्या लागत. बोटे सोलवटून निघाली तरी ठरलेला हिशेब भरावाच लागे. खायला भाकरी, काळे कडवट पेय आणि कंदमुळांचे पाणचट सार. रात्री अंथरूण ओले करणारी मुले, जी भीतीने आणि थंडीने तसे करीत, त्यांना चाबकाचे फटके आणि निराळी खोली मिळे. पहिल्याच हिवाळ्यात प्रलापक ज्वराची साथ पसरली. जगेर्झजवळच्या जेर्झोन्झ्ना येथील शेतीवर मुलींची एक शाखा होती. तेथेही कष्ट तेच.

त्याच सुमारास, १९४३ मध्ये, दुसऱ्या एका जुलुमातून, म्हणजे सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून, सुटून इराणमार्गे आलेली पोलिश मुले आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात शाळा शिकत होती. सुमारे पाच हजार निर्वासितांची ती वसाहत १९४८ पर्यंत टिकली. एकाच देशाच्या लेकरांच्या वाट्याला एका वर्षात काय काय आले, हे वळिवड्याची आठवण सांगणाऱ्यांनी वूचच्या बाजूनेही पाहावे.

१९४५ च्या जानेवारीत सोव्हिएत सैन्य वूचमध्ये शिरले, तेव्हा छावणीत सुमारे ८०० मुले होती. पहारेकरी पळाले, दारे उघडी पडली, आणि कितीतरी मुले हिमातून वाट काढीत एकटीच घराकडे निघाली, जरी घर उरले होते की नव्हते याचा त्यांना पत्ता नव्हता. एकंदर कैद झालेल्या मुलांचा आकडा पूर्वीच्या लेखनात दहा-बारा हजारांवर नेला जाई. अलीकडच्या संशोधनाने तो दोन-तीन हजारांवर आणला आहे. दप्तरे नष्ट झाल्यामुळे हा वाद पुष्कळ दिवस चालला. संशोधकांनी आकडा खाली आणला म्हणून वाचलेल्यांपैकी कित्येकांना तो आपल्या दुःखाचा अपमान वाटला, हे मला समजते. तरीही नावाने शाबीत झालेल्या मुलांची यादी अंदाजाच्या मोठ्या आकड्यापेक्षा अधिक मोलाची आहे, असे माझे मत आहे.

न्याय उशिरा आणि अपुरा झाला. युद्ध संपताच दोघा अपराध्यांना मृत्युदंड झाला खरा. पण एउगेनिया पोल ही पहारेकरीण वूचमध्येच राहिली, एका बालसंगोपनगृहात नोकरी करीत राहिली. पूर्वीच्या कैद्यांच्या तक्रारींनंतर १९७० मध्ये ती पकडली गेली, साक्षीपुरावे झाले आणि १९७४ मध्ये तिला २५ वर्षांची सजा झाली. त्या दरम्यान, १९७१ च्या मे महिन्यात, जवळच्या उद्यानात यादविगा यानुस आणि लुद्विक मात्स्केविच यांनी घडविलेले, तडकलेल्या हृदयाला बिलगलेल्या हाडकुळ्या मुलाचे स्मारक उभे राहिले. छावणीच्या जागेवर मात्र तोवर घरांच्या इमारती चढल्या होत्या. पोलंडच्या सरकारने या मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय स्थापन केले ते २०२१ साली, जेव्हा साक्ष देऊ शकणारे बहुतेक जण ऐंशीच्या पुढे गेले होते.