रेडशर्ट: खाडा पडतो, मुदत वाढत नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला खेळाडू ‘रेडशर्ट’ (हंगाम राखून ठेवलेला) आहे असं ऐकलं, की त्याला शिक्षा झाली असं वाटू शकतं. सॉकरमधल्या लाल कार्डामुळे गोंधळ वाढत असावा. प्रत्यक्षात तो संघातच असतो, सराव करतो, वर्गांनाही बसतो. नेब्रास्का विद्यापीठाचा वॉरन आल्फसन १९३७ साली क्रमांक नसलेला लाल शर्ट घालून सराव करायचा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

कॉलेज क्रीडांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत खेळाडूला ५ वर्षांत ४ हंगाम खेळता येतात. खाणावळीच्या कार्डाची मुदत ५ आठवडे आणि जेवणं ४ आठवड्यांची, असं समजा. एक आठवडा खाडा केला तरी जेवणं शिल्लक राहतात, पण कार्डावरची शेवटची तारीख पुढे सरकत नाही. रेडशर्टमुळे एक वर्ष जास्तीचं मिळतं, हा समज इथेच चुकतो.

पूर्वी काही मिनिटं मैदानात उतरलं तरी हंगाम खर्ची पडू शकत असे. २०१८पासून ४ सामन्यांपर्यंत मुभा मिळाली. तरी पाचव्या सामन्याआधी खेळाडूला बाकावर बसवण्याचा हिशेब उरलाच. म्हणून आता ५ वर्षांत ५ हंगाम, असा प्रस्ताव चर्चेत आला आहे. त्यात राखून ठेवण्यासारखं काही उरणार नाही. नियम सोपा होईल खरा, पण जुने खेळाडू जास्त काळ थांबले तर शाळेतून नव्याने येणाऱ्या मुलांना संघात जागा कमी मिळतील.