ईदचे माप आणि मुलाची उंची

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, या पानावर आम्ही सहसा कापडाच्या भावाविषयी लिहितो. या खेपेला मीटरपट्टी कापडावरून काढून मुलांच्या पाठीला लावायची आहे.

कळमनुरीत आमच्या दुकानी ईदच्या आधी मुलांच्या कुर्ता-पायजम्याचे कापड फाडले जाते. काही वर्षांपूर्वी ओळखीचे एक कारागीर मुलाला घेऊन आले. मागच्या ईदइतकेच कापड पुरले. "चला, पैसे वाचले," म्हणून ते हसले, आम्हीही हसलो. पुढच्या ईदलाही माप तेच निघाले, तेव्हा कुणी हसले नाही. मुलगा अकरा वर्षांचा झाला होता. नांदेडला बालरोगतज्ज्ञांना दाखवले, पण मधले एक वर्ष वाया गेले. त्यात आमचीही चूक होती.

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. वाढ ४ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आईबाप बुटके असतील तर मूलही बुटके राहू शकते, तो आजार नव्हे. काही मुले उशिरा वयात येतात आणि मग भराभर वाढतात. थायरॉईड, आतडे किंवा मूत्रपिंडाच्या आजारानेही उंची खुंटते, त्याचा इलाज वेगळा. म्हणून डॉक्टर रक्त तपासतात, डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून वाढीचे हार्मोन कमी येते असे सिद्ध झाले, किंवा इतर काही मोजके आजार असले, तरच त्या हार्मोनचे इंजेक्शन देतात.

पूर्वी हे हार्मोन मृत माणसांच्या ग्रंथीतून काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले आणि ते बंद पडले. त्याच वर्षी अमेरिकेत प्रयोगशाळेत बनवलेल्या हार्मोनला मंजुरी मिळाली. आज तेच वापरतात.

हा सौदा लांब मुदतीचा आहे. बहुधा रोज रात्री कातडीखाली सुई, तीही कित्येक वर्षे. डोस वजनावर ठरतो, म्हणून मूल वाढते तसा खर्च वाढतो. औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, तेव्हा उन्हाळ्यात नांदेडहून आणताना बर्फाचा डबा हवाच. मधेच सोडले तर मिळालेली उंची जात नाही, पण पुढची हातची जाते. हाडांची टोके जुळली की सुईचा उंचीसाठी उपयोग नाही. मुलींची वाढ लवकर थांबते, म्हणून "मुलगी आहे, चालेल" असे म्हणू नका.

खर्चाला घाबरून घरी बसू नका. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात हार्मोनची सिद्ध झालेली कमतरता दुसऱ्या गटात आहे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. अर्ज ठरावीक केंद्रांतून जातो, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक. डॉक्टरांना याविषयी जरूर विचारा. उंची वाढवणाऱ्या पावडरींवर मात्र पैसा घालू नका.

त्या मुलावर इलाज झाला, तो वाढलाही. गेलेले वर्ष मात्र परत आले नाही. उधारीची वही आपण रोज उघडतो. दर ईदला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने एक खूण करा आणि मागच्या खुणेशी ताडून पाहा. या हिशेबाला पैसा लागत नाही.