खाटेला टांगलेली पेटी

तात्पुरता पेसमेकर म्हणजे बॅटरीवर चालणारी, हातात मावेल एवढी पेटी. जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेल्या बाळाच्या खाटेला ती टांगलेली दिसते. छाती बंद करण्यापूर्वी सर्जन हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा टाचून त्यांची टोकं कातडीबाहेर काढतात. रिवाजाने वरच्या कप्प्यांच्या उजवीकडे, खालच्यांच्या डावीकडे.

पुष्कळदा एखादा टाकाच ही पेटी लावायची वेळ आणतो. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक ठिगळ लावून बुजवतात, आणि विद्युतसंदेश नेणारा तंतूंचा जुडगा बहुधा त्याच भोकाच्या काठाने जातो. डोळ्यांना तो दिसत नाही. टाका त्यात गेला किंवा भोवती सूज आली, की संदेश अडतो. यालाच हार्ट ब्लॉक म्हणतात. वरचे कप्पे वेगात धडधडत राहतात, खालचे आपल्याच संथ चालीने.

1950च्या दशकात मिनिआपोलिसमध्ये डॉ. वॉल्टन लिलेहाय यांना याच अडचणीने गाठलं. पॉल झोल यांचं तेव्हाचं यंत्र छातीवरून विजेचे झटके देई. मूल कळवळे, कातडी भाजे. जानेवारी 1957मध्ये लिलेहाय यांनी तार थेट हृदयाच्या स्नायूत बसवली, आणि अगदी थोड्या विजेत काम भागलं. यंत्र मात्र भिंतीतल्या प्लगवर चाले. 31 ऑक्टोबरला शहराची वीज गेली. मग रुग्णालयाची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकन यांनी ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकातल्या मेट्रोनोमच्या सर्किटवरून चार आठवड्यांत बॅटरीची पेटी बनवली. वादकांसाठीचं तालयंत्र असं हृदयापाशी आलं.

आजच्या पेटीवर वेग, विजेची मात्रा आणि संवेदनक्षमता यांची बटणं असतात. रोज मात्रा हळूहळू उतरवून हृदय कुठवर साथ देतं ते पाहतात. तारेच्या टोकाशी सूज आली की दिवसागणिक जास्त वीज लागते. सात ते दहा दिवसांत ब्लॉक सुटला नाही, तर कायमचा पेसमेकर. तान्ह्या बाळात त्याची बॅटरी बहुधा पोटाच्या भिंतीत ठेवतात.

‘जेट’ नावाची वेगवान लय मात्र नुसत्या पेटीला दाद देत नाही. फॅलोचा दोष या जन्मजात हृदयदोषाच्या दुरुस्तीनंतर ती विशेष आढळते. अंग थंड ठेवायचं, अॅड्रेनलिनसारखी औषधं शक्य तितकी कमी करायची, गरज पडल्यास अमिओडॅरोन हे औषध द्यायचं; मग वरच्या कप्प्यांना त्या लयीहून किंचित जास्त वेग दिला की दोन्ही मजले पुन्हा क्रमाने आकुंचन पावू लागतात.

लय स्थिरावली की तारा हलकेच ओढून काढतात. नंतर काही तास हृदयाभोवती रक्त साचत नाही ना, यावर लक्ष ठेवतात.