खोक्यातली हवा

आमच्या बचत गटाचे पापड, सांडगे, कुरडया कुरिअरने पुण्या-मुंबईला जातात. माल हलका, बिल मात्र भारी! मैत्रिणींनो, कुरिअरवाले नुसतं वजन करत नाहीत, टेपही लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा, त्याला बहुतेक ठिकाणी ५०००ने भागायचं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला, तर भाडं त्याचंच. म्हणजे ४० बाय ३० बाय २५च्या खोक्यात ३ किलो माल असला, तरी पैसे ६ किलोचे. निम्मे हवेचे! खोकं ३० बाय २५ बाय २०चं घेतलं, की हिशेब ३ किलोवर येतो.

पण ताटाएवढ्या कुरडया त्यात मावणार कशा? मोडल्या तर गिऱ्हाईक गेलंच. म्हणून मी वाळून १२ सेंटिमीटर भरतील अशा घालायला सांगितल्या. तळाला पापड, वर कुरडया, कडेच्या फटीत सांडग्यांची पाकिटं. रद्दीचे बोळे कोंबायला जागाच उरत नाही.

गटातल्या काकूंनी नाक मुरडलं, "एवढीशी कुरडई पाहुण्याला वाढायची?" मी त्यांच्यापुढे दोन्ही बिलं ठेवली. आता त्याच सोऱ्या हातात घेण्याआधी डब्याचं झाकण मापाला मागतात.