बोईसर-तारापूर : वाड्यांचा गाव आणि त्याचे पाणी

बोईसर स्टेशनावर उतरून पश्चिमेस तारापूरच्या वाटेस लागले, म्हणजे समुद्रकाठचा जुना पोर्तुगीज किल्ला लागतो. चिमाजी आप्पांच्या फौजेने तो इ. स. १७३९ च्या जानेवारीत पुष्कळ माणसे खर्ची घालून घेतला. किल्ल्याची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. भोवतालच्या वाड्यांची मात्र क्वचितच कोणी सांगतो.

येथील किनारपट्टी रेताड आहे. विहिरीचे गोडे पाणी वरच्या थरात असते, आणि त्यावरच नारळ, केळी, चिकू व भाजीपाला पिकतो. उपसा बेताचा असला तर विहीर गोडी राहते. हाव धरली की समुद्राचे खारे पाणी आत शिरते. म्हणून येथला जुना बागाईतदार पाण्याच्या बाबतीत कृपणच असे, आणि ते त्यास शोभतही असे. पूर्वेकडे भात व गवत. १८६४ च्या सुमारास ह्या भागातून आगगाडी गेली व मुंबईच्या तबेल्यांस गवत जाऊ लागले. ते कापणाऱ्या वारल्यांस मजुरी किती तुटपुंजी मिळे, हे १९४५ च्या लढ्याने उघड केले. पाचशे रत्तल गवतास अडीच रुपये, एवढीच त्यांची मागणी होती! आम्हां जमीनवाल्यांनी हे विसरू नये.

पुढे गावाचा पालट झाला. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली. तिचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. त्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. कारखान्यांनी घरोघरी पगार आणला हे खरे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मुलगा पाळीवर जाऊ लागला की वाडी म्हाताऱ्यांच्या अंगावर पडते.

खरा प्रश्न पाण्याचाच आहे. सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण बांधले ते मुख्यतः डहाणू, पालघर व विक्रमगड भागांतील शेतीच्या आशेवर. पुढे त्याच पाण्यावर शहरांसाठी नळयोजना आखण्यात आली : रोज ४०३ दशलक्ष लिटर, पैकी १८५ वसई-विरारला व २१८ मिरा-भाईंदरला. शहरांची तहान खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. तथापि कालव्याची पाळी लांबली म्हणजे शेतकरी विहिरीस पंप लावतो, आणि किनाऱ्याच्या विहिरीचा पंप जास्त वेळ चालला की काय होते, ते वर सांगितलेच आहे.