शीलेची काळी भुकटी

भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते. टॉर्चच्या साध्या सेलमधली काळी भुकटी ती हीच. ज्वलनाचे कोडे सुटायला ज्या पदार्थांची मदत झाली, त्यांतही ही भुकटी होती. तिच्याशी खेळणारा कार्ल विल्हेल्म शीले (१७४२–१७८६) मात्र मागे पडला.

शीले स्वीडनमधल्या औषधाच्या दुकानात काम करी. चौदाव्या वर्षी तो उमेदवारीला लागला. विद्यापीठाची पदवी नव्हती, दुकानाच्या कामातून सवड काढून प्रयोग चालत. १७७१-७२च्या सुमारास त्याने ही भुकटी सल्फ्युरिक आम्लात तापवली आणि निघालेला वायू जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत धरला. या वायूत मेणबत्ती नेली की ज्योत डोळे दिपवणारी! त्याने त्याला ‘अग्निवायू’ म्हटले. हवेत जळणाला साथ देणारा एक आणि न देणारा दुसरा असे दोन वायू आहेत, हेही त्याने ओळखले. अग्निवायू म्हणजे आपला ऑक्सिजन.

त्या काळी मानत, की जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ बाहेर पडते. टीपकागद शाई शोषतो तशी हवा ते शोषते. कागद पुरता भिजला की ज्योत विझते. किती देखणी कल्पना! बंद बरणीतली मेणबत्ती का विझते, याचे उत्तर तिच्यात चपखल बसे. अडले ते वजनापाशी. धातू भाजला की जड होतो. त्यातून काही निघून गेले असेल, तर वजन वाढेल कसे? फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिएने तराजूच्या जोरावर सांगितले, की धातूच हवेतून काहीतरी घेतो. शीलेने फ्लॉजिस्टन अखेरपर्यंत सोडले नाही. तिथे तो चुकला, पण त्याचे प्रयोग पक्के होते.

इंग्रज रसायनज्ञ प्रिस्टलीने १ ऑगस्ट १७७४ रोजी हाच वायू मिळवला आणि लवकर छापून मोकळा झाला. शीलेचे पुस्तक स्वीडिश रसायनज्ञ बर्गमनच्या प्रस्तावनेसाठी रखडले आणि १७७७ साली निघाले. दरम्यान ३० सप्टेंबर १७७४च्या पत्रात त्याने लाव्हाझिएला हा वायू मिळवण्याची एक रीत सुचवली होती. ते पत्र शतकाहून अधिक काळ दडून राहिले. १७७४ सालीच याच भुकटीच्या मदतीने त्याने हायड्रोक्लोरिक आम्लातून क्लोरीनही मिळवला.

शाळेत हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइड टाकून ऑक्सिजन काढता, तेव्हा शिक्षकांनो, प्रिस्टली-लाव्हाझिएच्या आधी शीलेचे नाव घ्या.